सपाट मुलखातील चढण

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड असा रस्ता धरला की ब्रह्मपुरी येईपर्यंत डोळ्यांना उंची अशी फारशी भेटत नाही. उमरेडजवळ कोळसा खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे दिसतात. दुरून ते डोंगरच वाटतात, पण ते माणसाने रचलेले. भिवापूरला मिरचीचा वास गाडीत शिरतो. नागभीडच्या आसपास थोड्या बुटक्या टेकड्या उजवी-डावीकडे उभ्या राहतात आणि मग धानाच्या बांध्या सुरू होतात. मार्गशीर्षात धान कापून झालेले असते, शेतांत पुंजणी रचलेली असतात आणि मैलोन्‌मैल नजर अडत नाही. हा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. आमच्या पिढीने नागभीडपर्यंतचा प्रवास नॅरोगेजच्या छोट्या गाडीने केला. ती गाडी २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. आता बस किंवा मोटार. ज्यांचे गुडघे बसून बसून आखडतात अशा माझ्या वयाच्या प्रवाशांनी उमरेडला उतरून पाच मिनिटे फेऱ्या माराव्यात. बसचालक सहसा नाही म्हणत नाहीत.

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुक्याचे गाव. पूर्वेला वैनगंगा, तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-देसाईगंज. शाळा-महाविद्यालयांमुळे भोवतालच्या खेड्यांतील मुले येथे शिकायला येतात, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांचे मांडव आसपासच्या गावांत रात्र रात्र जागत असतात. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट इथपर्यंत पोहोचत नाही. या भागातील पायाचा दगड त्याहून फार प्राचीन आहे, पण तो बहुतेक मातीखाली आणि भातखाचरांखाली निजलेला. ज्या मातीवर पाणी साठवावे अशी ही भूमी, म्हणून जुन्या काळी कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी येथे तलाव बांधले. मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव. मुलांनी चढायचे ते त्या तलावाच्या पाळीवर, चिंचेच्या झाडावर, नाहीतर तणसाच्या ढिगावर. कडा, सुळका, घळ हे शब्द येथे पुस्तकातूनच कळतात.

अशा गावी माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी प्रस्तरारोहणाची भिंत उभारायची की नाही, याचा विचार चालला होता. भाच्याने फोनवर विषय काढला तेव्हा मला आधी तो कुंपणाच्या भिंतीविषयी बोलतो आहे असे वाटले.

नातीने, म्हणजे त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने, उन्हाळी सुट्टीत पुण्याला एका शिबिरात कृत्रिम भिंतीवर चढण्याचा पहिला अनुभव घेतला होता. परतल्यापासून तिचे हात कुठे ना कुठे लटकत असत: दाराच्या चौकटीला, नळाच्या पाइपाला, बैलांच्या रिकाम्या गोठ्यातील आडव्या दांड्याला. या घरात बैल गेले, ट्रॅक्टर आला. पण तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद कोठा तसाच राहिला. कौलारू छप्पर, जुन्या मातीच्या भिंती, खाली अलीकडे केलेली सिमेंटची जमीन. तिचे म्हणणे साधे होते: त्याच्या एका भिंतीवर खुंट्या ठोकून द्या.

हट्ट म्हणून तो सोडून देता आला असता. पण या गावात मूल घराबाहेर किती वेळ राहू शकते, याचा हिशेब मांडला की तो हट्ट निराळा दिसू लागतो. मार्चच्या अखेरीपासून येथील ऊन अंगावर येते. देशातील सर्वाधिक तापमानाची बातमी येते तेव्हा त्या यादीत ब्रह्मपुरीचे नाव वारंवार असते. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत सकाळी दहा ते सायंकाळी सहा दारे लावून, कूलरपुढे बसणे हेच शहाणपण. उरली पहाट आणि संध्याकाळ. तेथे वाघ आहे. ताडोबाच्या राखीव क्षेत्राच्या बाहेर असूनही ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर मोठा आहे, आणि शेताच्या, तलावाच्या, मोहाच्या झाडाच्या वाटेवर माणसे दगावल्याच्या घटना या पट्ट्यात नव्या नाहीत. गावाच्या कडेला राहणाऱ्या घरांनी पहाटेचे फिरणे सोडले आहे. मुलांना तलावाच्या पाळीवर एकटे पाठवणे बंद झाले आहे. पावसाळ्यात साप-विंचू. म्हणजे वर्षातले निवांत बाहेर खेळण्याचे महिने हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि उरलेला वेळ मोबाइलच्या पडद्याकडे. शहरातील लोकांना जंगलाच्या गावातील मुले रानात बागडत असतील असे वाटते. प्रत्यक्षात ती खोलीत बसलेली असतात.

भिंतीच्या बाजूने बोलणारी ही गोष्ट होती. विरुद्ध बाजूला माझी बहीण होती.

ताईचे वय ७६. मागील वर्षी अंगणात पाय घसरून तिच्या मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग मोडला. शस्त्रक्रिया झाली, आता ती वॉकर घेऊन चालते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, आणि अंगण उंचसखल, बाहेर ऊन अथवा वाघ. तेव्हा ती चालते त्याच कोठ्यात. सकाळी वीस फेऱ्या, चार वाजता दहा. तणस बाजूला सारून भाच्याने तिच्यासाठी ती जागा मोकळी केली होती. म्हणजे नातीला हवी असलेली भिंत आणि आजीला लागणारी वाट एकाच छपराखाली. शिवाय त्याच वर्षी घरात आणखी एक काम पुढे ढकलले गेले होते: न्हाणीघर. तेथे अजून उंबरा होता, गुळगुळीत फरशी होती आणि बसायचे भारतीय पद्धतीचे शौचालय होते. ताईच म्हणत होती, माझे काय आता, धानाचे पैसे आले की पाहू. धानाचे पैसे आले होते. त्यांतून एकच काम होण्याजोगे होते.

मला बोलावले होते ते या पेचासाठी. आणि खरे सांगायचे तर नातीने मला फितवावे यासाठीही. ‘मावशीआजी हो म्हणाली तर आजी हो म्हणते’ असा तिचा ठाम समज आहे.

प्रस्तरारोहणाचे महाराष्ट्रातील माहेर सह्याद्री. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४पासून या छंदाची पिढ्यान्‌पिढ्या जोपासना करत आली, आणि २०१६च्या मे महिन्यात नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धाही तिने भरवली. बोल्डरिंग म्हणजे दोर न वापरता, उडी मारून खाली येता येईल इतक्याच उंचीवर चढणे. खाली जाड गाद्या असतात. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१मध्ये झाले, या खेळाला प्रथम स्थान मिळाले. तेव्हापासून शहरांतून कृत्रिम भिंती वाढल्या. दोर लावून चढायची भिंत पंधरा मीटरपर्यंत उंच असते. ती घरची गोष्ट नव्हे. घरात जे काही होऊ शकते ते बोल्डरिंगच.

पण चंद्रपूर जिल्ह्याला चढाईचा निराळा अभिमान आहे. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमात जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८मध्ये एव्हरेस्ट सर केले. ८,८४८ मीटरची ती उंची. आणि त्या पाचांत मनीषा धुर्वे ही एक मुलगी होती. हैदराबाद परिसरात, दार्जिलिंगला, लडाखमध्ये त्यांचे प्रशिक्षण झाले. भाच्याने ही गोष्ट भिंतीच्या बाजूने सांगितली. मला ती उलट बाजूनेही दिसली. ती मुले घरी भिंत असल्यामुळे शिखरावर गेली नाहीत. रोज चालणे, रानाची सवय, काटक शरीर आणि नंतर जाणत्या शिक्षकांच्या हाताखाली महिनोन्‌महिने तालीम, असा तो मार्ग होता. घरातील आठ फुटांची भिंत एव्हरेस्टची पायरी नाही. ती मुलाच्या संध्याकाळच्या तासाभराची सोय आहे, आणि तेवढ्याच मापाने तिचा विचार करावा.

विदर्भात अंगाने वर चढण्याची विद्या मुळीच नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून मल्लखांब शिकवत आले आहे. गुळगुळीत सागवानी खांबाला किंवा दोराला अंगाने बिलगून वर जाण्यात पकड, पोट, पाठ, मांड्या यांचा जो कस लागतो, तो कुठल्याही कृत्रिम भिंतीहून कमी नाही. मी भाच्याला सुचवूनही पाहिले की मल्लखांबाचा दोर का टांगू नये? त्याचे उत्तर रास्त होते: मल्लखांब शिकवणारा हवा, चुकीचा धरलेला दोर पाठीशी खेळतो. भिंतीवर बुटक्या उंचीवर चाचपडत शिकता येते. ते मला पटले. ज्या खेळाला रोज गुरू लागतो तो गावात गुरू नसताना घरात आणू नये.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. इकडे त्याला वाढई म्हणतात. सागवान हे या जिल्ह्याचे वैभव. बल्लारपूरच्या आगारातील सागवान २०२३मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी रवाना झाले, त्यामुळे अलीकडे प्रत्येक वाढई त्याचा उल्लेख केल्यावाचून काम सुरू करत नाही. याने कोठ्याची पश्चिमेची लांब भिंत थोपटली, बोटाने माती उकरली आणि मान हलवली. जुनी मातीची भिंत स्वतःचा आणि कौलांचा भार पेलते. तिच्यात खिळे ठोकून वर हिसके देणारे शरीर लटकवले तर ती पोपडे टाकील, आणि एखाद्या पावसाळ्यात त्याहून अधिक. तेव्हा भिंतीवर भिंत नकोच. जमिनीत पक्के केलेल्या लोखंडी चौकटीवर स्वतंत्र फळी उभी करायची. ज्यांच्या घराच्या भिंती विटा-सिमेंटच्या आहेत त्यांनीही नुसत्या गिलाव्यात खिळे ठोकू नयेत. भार कोणत्या खांबावर जातो हे बांधकाम जाणणाऱ्याला विचारूनच ठरवावे.

फळीसाठी १८ मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यायचे ठरले. आयएस ७१० असा शिक्का असलेले. येथील पावसाळ्यात साधे प्लायवूड फुगते आणि वाळवी त्याला आमंत्रण समजते. आठ फूट उंच आणि बारा फूट रुंद, म्हणजे आठ बाय चारच्या तीन शीट. प्रत्येक शीटला मागून बसवलेल्या लोखंडी नटांची, वीतभर अंतराने, साठाच्या आसपास छिद्रे. त्यांत बोल्टने हव्या त्या ठिकाणी पकडी बसवता येतात आणि मुलीला एकच वाट पाठ झाली की बदलताही येतात. वाढई उत्साहाने शिडीसारखी मागे कललेली फळी रेखाटू लागला. ती सोपी वाटते हे खरे, पण घसरताना गुडघे आणि हनुवटी खुंट्यांवर घासत खाली येतात. सरळ उभी, किंवा वरचा भाग किंचित पुढे झुकलेला, अशीच फळी बरी. पाय सुटला तर मूल थेट गादीवर येते.

उंचीविषयी मी हटून बसले. वरच्या कडेला आठ फुटांवर हात पोहोचले तरी अकरा वर्षांच्या मुलीचे पाय जमिनीपासून तीनेक फुटांवर असतील. तेवढे पुरे. मुलांना उंचीची ओढ असते, पण कस आडवे जाण्यात आहे: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाय जमिनीला न लावता. बारा फुटांची ती वाट जाऊन-येऊन तीन वेळा करा, हात थरथरू लागतात. मी स्वतः केले नाही, हे सांगायला नको.

गादीवर बरीच चर्चा झाली. घरात तणस होतेच. खाली तणस पसरा, फुकटची गादी, असे शेजारच्या काकांचे मत. तणस उडी मारायला मौजेचे असते, पण ते एकसारखे दबत नाही, पाय आत रुततो, घोटा मुरगळतो, आणि त्यात विंचू असण्याची शक्यता येथे कोणीही नाकारणार नाही. व्यावसायिक ठिकाणी सुमारे फूटभर जाडीच्या फोमच्या गाद्या असतात. घरातील बुटक्या भिंतीला थोड्या कमी जाडीची चालेल, पण ती भिंतीपासून सहा-सात फूट पुढे पसरलेली आणि मध्ये फट नसलेली हवी. या खेळात मोडतात ते बहुधा मनगट, कोपर आणि घोटा. कारण पडताना मूल हात मागे टेकवते किंवा दोन गाद्यांच्या फटीत पाय जातो. गुडघे वाकवून पडायचे, हात छातीशी घ्यायचे, लोळायचे: हे पहिल्या आठवड्यात वर चढण्याआधी शिकवावे.

आणि येथेच ताई बोलली. ती इतका वेळ सपरीत तांदूळ निवडत बसली होती.

“पोरगी पडन तर तिचं हाड भरून येईन. माह्यावर पडन तर माहं नाही यायचं.”

सगळे हसले, पण प्रश्न तोच होता. फूटभर जाडीची मऊ गादी मुलासाठी सुरक्षित आणि वॉकर घेऊन चालणाऱ्यासाठी सापळा आहे. तिची कड दिसत नाही, तिच्यावर वॉकरचे पाय रुततात. पडणे हे साठीपुढील माणसांच्या जिवावर बेतणाऱ्या अपघातांत फार वरच्या क्रमांकावर आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि एकदा खुबा मोडलेल्या बाईला दुसऱ्या वेळेची भीती कशी असते हे तिच्यासोबत राहणाऱ्यालाच ठाऊक. ती भीती तिला अंथरुणाकडे ढकलते, अंथरूण स्नायू वितळवते, आणि दुर्बळ स्नायू पुन्हा पडायला लावतात. तिच्या वीस फेऱ्या म्हणजे व्यायाम नव्हे, तिची स्वतंत्र हालचाल होती. ती कुठल्याही खेळासाठी बळी द्यावी असे मला मुळीच वाटेना.

भाचेसुनेने बोललेला मुद्दा त्याहून बारीक होता. “मावशी, भिंत कोन बांधन ते ठरलं. पाहन कोन, ते ठरवा.” सासूची औषधे, आंघोळ, फेऱ्या, सकाळी शाळेचा डबा, हे सगळे तिच्याकडे. चढणाऱ्या मुलाखाली मोठे माणूस उभे असावे लागते. म्हणजे आणखी एक पहारा तिच्याच माथी. घरात वृद्धाची काळजी घेणाऱ्या बाईच्या दिवसात नवा तास कोठून आणायचा, हा प्रश्न या देशात कोणत्याही खर्चाच्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो. तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच भाचा गप्प झाला.

मग आम्ही चुना घेऊन कोठ्यात गेलो. भिंत पश्चिमेच्या लांब बाजूला न ठेवता दक्षिणेच्या आखूड बाजूला ठेवली तर? चौदा फुटांत बारा फुटांची फळी बसते. तिच्यापुढे सात फूट गादी. तीसांतून सात गेले, उरले तेवीस. चुन्याने रेघ मारली आणि ताईला त्या रेघेअलीकडे चालायला सांगितले. तिने वॉकर टेकत फेरी मारली, मोजली, म्हणाली की वीसच्या जागी पंचवीस कराव्या लागतील, एवढेच. (हिशेब पाहिला तर सव्वीस येतात, पण मी वाद घातला नाही.) गाद्या कायमच्या पसरून न ठेवता फळीला बिजागरीने जोडून वर उभ्या करून कडी घालायच्या, म्हणजे जमीन मोकळी, आणि कोणी मोठे माणूस कडी काढून गादी पाडल्यावाचून मुलाला चढताही येणार नाही. ही युक्ती वाढईची. माझ्या मते सगळ्या आराखड्यातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

त्याच कोठ्यातील पूर्वेच्या भिंतीशी ताईसाठी आधाराचा दांडा लावायचे ठरले; जमिनीपासून साधारण अडीच-पावणेतीन फुटांवर, मुठीत सहज मावेल असा दीड इंची गोल पाइप, मातीच्या भिंतीत नव्हे तर जमिनीत रोवलेल्या खांबांवर. आणि फळीच्या कडेला, चढण्याच्या भागापासून दूर, एक उभी पट्टी: तिच्यावर इंचाइंचाने छोट्या खाचा. फिजिओथेरपीच्या विभागात खांदा आखडलेल्या रुग्णांसाठी अशी बोटांची शिडी लावलेली असते. भिंतीसमोर उभे राहायचे, बोटे एकेका खाचेवरून वर न्यायची, दुखू लागण्याच्या थोडे अलीकडे थांबायचे, तसेच खाली यायचे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, आणि ताईला मधुमेह आहे. वॉकर धरून धरून तिचे खांदे पुढे आले आहेत. डाव्या हाताने आधार, उजव्याची बोटे वर, मग उलट. आजीही भिंत चढणार म्हटल्यावर नातीला कोण आनंद झाला.

भिंतीचा वृद्धांसाठी असा वापर आपल्याकडे नवा नाही. पुण्यात १९७५मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंतीतील कड्यांना बांधलेल्या दोरांच्या आधाराने आसने करून घेतली. ताठरलेल्या, वयस्क शरीरांनाही आधार मिळाला की ती वळतात, हा त्यामागील विचार. मात्र ते जाणत्या शिक्षकासमोर करायचे आहे. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, खांदा निखळण्याचा पूर्वेतिहास आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी हौसेने दांड्याला लटकू नये.

पकडीविषयी मात्र एक गोष्ट वाचकांनी जाणून घ्यावी. २०१५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत भारतीयही होते. हाताची पकड दर ५ किलोने कमी असल्यास मृत्यूची जोखीम सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळली. याचा अर्थ मूठ आवळण्याने आयुष्य वाढते असा नव्हे. पकड ही सर्व शरीराच्या स्नायूबळाची खूण आहे, एवढाच. पण खूण उपयोगी आहे. बरणीचे झाकण उघडेनासे झाले, पाण्याची बादली उचलताना हात सुटू लागला, तर ते ‘वयच झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे. ताईने त्या संध्याकाळी पिळलेल्या ओल्या टॉवेलची घडी माझ्यापुढे टाकली. पाण्याचा थेंब निघत नव्हता.

नातीसाठीही काही मर्यादा घातल्या. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोके कोवळी असतात. दोन बोटांच्या पेरांवर सगळे वजन पेलायच्या अगदी बारीक पकडी तेथे बसवायच्या नाहीत. मोठ्या, मूठभर, कडा गोलवलेल्या पकडीच. बोटाचा मधला सांधा काही दिवस दुखत राहिला तर चढणे थांबवून दाखवायचे. हाताला लावायची पांढरी पूड वापरायची नाही, कारण बंद जागेत ती हवेत तरंगत राहते आणि ताईला हिवाळ्यात दमा उठतो. कोरड्या फडक्याने हात पुसायचे. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती. बोल्ट महिन्यातून एकदा भाच्याने पान्याने आवळून पाहायचे, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कारण लाकूड फुगते-आकसते तशा पकडी फिरू लागतात. उन्हाळ्यात कौलांखालचा कोठा संध्याकाळीही तापलेला असतो. मे महिन्यात चढण्याची वेळ पहाटेची, आणि चढण्याआधी-नंतर पाणी.

पहारा भाच्याचा. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, शाळेतून येऊन चहा झाल्यावर. तो नसेल त्या दिवशी कडी निघणार नाही. त्या तासात भाचेसून घरातच असेल पण तिला कोणी हाक मारायची नाही, असे नातीने स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहून कोठ्याच्या दाराला चिकटवले आहे. त्याचे काय होते ते पाहायचे.

पैशांचा प्रश्न उरला होता आणि त्यात मी तडजोड केली नाही. आधी न्हाणीघर. उंबरा काढून उतार, खरखरीत फरशी, उंच बैठकीचे शौचालय, दोन्ही बाजूंना दांडे, रात्री जळत राहील असा दिवा. ताई म्हणाली, पोरीचे मन मोडू नका. मी म्हटले, मन भरून येते, तुझेच वाक्य. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तांदळाचे सूप उचलून आत गेली. भाच्याने न्हाणीघराचे काम पौषात आणि भिंतीचे उन्हाळी धान विकल्यावर करायचे ठरवले. उन्हाळी धान तलावात पाणी राहिले तर होते. म्हणजे नातीची भिंत आता मामा तलावाच्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि ती रोज वडिलांबरोबर पाळीवर जाऊन काठावरील दगडाशी पाणी कुठवर आले आहे ते पाहते.

मी निघाले त्या दिवशी गवंडी न्हाणीघराचा उंबरा फोडत होता. कोठ्यात दक्षिणेच्या बाजूचे तणस अजून हलवलेले नव्हते. चुन्याची रेघ मात्र वॉकरच्या पायांनी एका जागी पुसट झाली होती. नातीने ती पुन्हा ओढून घेतली आणि ताईला विचारले की पंचविसावी फेरी झाली का.